पॉवेल स्ट्रीटची जत्रा: व्हँकुव्हरमधले पाच दिवस

गुरुवार, १ ऑगस्ट २०२४

स्टीव्हस्टनला जायचं ठरलं ते भाच्यामुळे. तो अकरावीत आहे आणि शाळेसाठी त्याला स्वयंसेवेचे तास भरायचे असतात. त्यासाठी त्याने या शनिवार-रविवारच्या पॉवेल स्ट्रीट फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे इथल्या जपानी वंशाच्या लोकांच्या उत्सवात, नाव दिलं होतं. "मावशी, तू येच. ढोल आहेत, पालखी आहे. तुझ्याच आवडीचं आहे सगळं," म्हणाला. पुण्यात पंधरा वर्षं मी पथकात ढोल वाजवलाय, ते त्याच्या लक्षात होतं. मात्र त्याच्या शिक्षिकेने मुलांना बजावलं होतं की उत्सव बघायच्या आधी स्टीव्हस्टन बघून या, नाहीतर नुसता नाच बघून घरी याल. म्हणून मी, धाकटी बहीण आणि भाचा असे तिघं सकाळीच सरी उपनगरातून निघालो. आधी स्कायट्रेन, मग बस.

फ्रेझर नदी समुद्राला मिळते तिथलं हे कोळ्यांचं गाव आहे. आता ते रिचमंड शहरात मोडतं. माझं सासर कोकणातलं, त्यामुळे धक्क्यावर पाऊल टाकताच ओळखीचा वास आला. होड्या काठाला लागलेल्या, आणि होडीवरूनच सामन, कोळंबी विकायला ठेवलेली. घासाघीस मात्र नाही, भाव पाटीवर लिहिलेला.

धक्क्याला लागून १८९४ सालची जॉर्जिया आखाताची कॅनरी आहे, म्हणजे मासे डबाबंद करायचा कारखाना. आता तिथे संग्रहालय केलंय. लांबच लांब टेबलं, पाण्याचे पन्हाळ, डब्यांच्या रांगा. जपानी पुरुष नदीत जाळी टाकायचे आणि बायका इथे उभ्याने मासे साफ करायच्या. काहींनी पाठीशी मूल बांधलेलं असायचं. तसा एक फोटो बघून बहीण बराच वेळ काही बोलली नाही.

हे लोक आले कुठून? बरेचसे एकाच गावातून. वाकायामा प्रांतातल्या मिओ गावचा कुनो गिहेई नावाचा सुतार १८८८ मध्ये इथे आला. नदीतला सामनचा सुकाळ बघून त्याने गावकऱ्यांना बोलावून घेतलं. एकामागून एक घर रिकामं होऊन इथे आलं. आपल्याकडे कोकणातल्या एखाद्या वाडीतली सगळी मुलं मुंबईत एकाच गिरणीत आणि एकाच चाळीत असायची, तसंच हे. मिओला जपानात अजूनही 'अमेरिका-मुरा', म्हणजे अमेरिका गाव, म्हणतात.

पुढे नदीकाठाने चालत ब्रिटानिया शिपयार्डला गेलो. तिथे मुराकामी कुटुंबाचं लाकडी घर जपून ठेवलंय. आई-वडील आणि दहा मुलं १९२९ पासून या घरात राहिली. शेजारच्या शेडमध्ये वडील होड्या बांधायचे. स्वयंपाकघर एवढंसं, बारा माणसांचं वाटतच नाही. १९४२ मध्ये, जपान युद्धात शत्रू झाला म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या जपान्यांना हलवलं, तेव्हा त्यांना हे सगळं टाकून जावं लागलं. प्रेअरीतल्या, म्हणजे देशाच्या मधल्या सपाट मैदानातल्या, बीटच्या शेतांवर राबायची तयारी दाखवली तर कुटुंब एकत्र राहू द्यायचं, असा तेव्हाचा नियम होता. एरवी बाप्ये रस्त्याच्या कामावरच्या छावण्यांत, बायका-मुलं आणखी कुठेतरी.

होड्या आधीच गेल्या होत्या. पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि थोड्याच दिवसांत या किनाऱ्यावरच्या जपानी कोळ्यांच्या सुमारे १,२०० होड्या सरकारने ताब्यात घेतल्या. पुढे त्या विकून टाकल्या. कोळ्याची होडी काढून घ्यायची म्हणजे काय, हे कोकणात कुणालाही विचारा.

शुक्रवार, २ ऑगस्ट

आज स्टॅन्ली पार्क. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवरचं हे जंगल म्हणजे शहराचा श्वास आहे. झाडं इतकी उंच की मान दुखते. मत्स्यालयाच्या अलीकडे, चेरीच्या झाडांमध्ये, एक फिकट दगडी खांब उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर कंदील. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या बाजूने लढलेल्या जपानी सैनिकांचं हे स्मारक, १९२० सालचं.

ब्रिटिश कोलंबियाने, म्हणजे इथल्या प्रांताने, यांना सैन्यात घेतलं नाही. मग ही माणसं स्वतःच्या खर्चाने डोंगर ओलांडून अल्बर्टाला गेली आणि तिथे भरती झाली. २२२ जण गेले, ५४ परतले नाहीत. पायथ्याशी पाकळ्यांसारखे दगड मांडलेत, त्यांवर फ्रान्स आणि बेल्जियममधल्या लढायांची नावं आहेत. परतलेल्यांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९३१ मध्ये, प्रांताच्या विधानसभेत अवघ्या एका मताच्या फरकाने. तोही फक्त या मूठभर माजी सैनिकांना. बाकीच्या जपान्यांना पुढची अठरा वर्षं तो नव्हताच.

१९४२ मध्ये खांबावरचा कंदील विझवला. ज्यांनी देशासाठी रक्त सांडलं त्यांच्याच नावाचा दिवा. तो पुन्हा पेटला १९८५ मध्ये, तेव्हा हयात असलेल्या शेवटच्या सैनिकांपैकी एक, मासुमी मित्सुई, यांच्या हस्ते. तारीख २ ऑगस्ट. पाटीवर वाचलं आणि अंगावर काटा आला. आजचीच तारीख! ठरवून आलो नव्हतो. बहिणीने पर्समधून दोन बिस्किटं काढून पायरीवर ठेवली. आपल्याकडे समाधीपाशी रिकाम्या हाताने जात नाहीत, एवढंच तिच्या मनात होतं.

तिथून समुद्राकाठच्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास चालत कोल हार्बरला आलो. तिथे 'कोमागाता मारू'चं स्मारक आहे. बोटीचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं, पण ती बोट जपानी होती हे मी तरी विसरले होते. बाबा गुरदित सिंगांनी ती जपानी कंपनीकडून भाड्याने घेतली, हाँगकाँगहून निघून शांघाय आणि योकोहामाला आणखी प्रवासी घेतले आणि २३ मे १९१४ ला ती या खाडीत आली. ३७६ प्रवासी, बहुतेक शीख. दोन महिने बोट समोर उभी, किनारा दिसतोय, पण उतरायचं नाही. मायदेशातून न थांबता थेट आलेल्यालाच प्रवेश, असा नियम १९०८ मध्ये केला होता, आणि भारतातून थेट येणारी बोटच नव्हती. २३ जुलैला तिला परत धाडलं.

स्मारकावर प्रवाशांची नावं आहेत. भाचा एकेक नाव मोठ्याने वाचत होता. त्याच्या वर्गातल्या मुलांची आडनावं सापडत होती. मग म्हणाला, "मावशी, १९०७ मध्ये इथे दंगल झाली होती. आधी चायनाटाऊन फोडलं आणि मग जमाव पॉवेल स्ट्रीटवर गेला. तिथे जपान्यांनी दगड, बाटल्या, काठ्या घेऊन त्यांना परतवलं." हे त्याला शाळेत शिकवलंय. बरं वाटलं.

शनिवार, ३ ऑगस्ट

मेन स्ट्रीट स्टेशनला उतरून चालत निघालो. पॉवेल स्ट्रीटचा हा भाग, म्हणजे डाउनटाऊन ईस्टसाइड, शहरातला सगळ्यात गरीब. फुटपाथवर तंबू, ढकलगाडीत सगळा संसार, व्यसनाने वाकलेली तरुण पोरं. माझी पावलं भरभर पडायला लागली, तशी बहीण म्हणाली, "ताई, सावकाश. ही त्यांची गल्ली आहे." ती इथे सामाजिक संस्थेत काम करते, तिला यातली कित्येक माणसं तोंडओळखीची. दोघांनी तिला हात केला.

आणि मग ढोल ऐकू आला. अजून बाग दिसत नव्हती, पण छातीत पोचला होता. खरा ढोल आधी छातीला कळतो आणि मग कानाला.

ओपेनहायमर पार्क ही बाग पूर्वी पॉवेल स्ट्रीट ग्राउंड्स होती. तिच्या भोवती १९४१ पर्यंत जपानी वस्ती होती. दुकानं, न्हाणीघरं, खानावळी, वर्तमानपत्रं, शाळा. हे लोक रस्त्याला 'पावेरु-गाई' म्हणायचे. गाई म्हणजे पेठ. पावेरु पेठ! १९४२ मध्ये किनाऱ्यापासून १०० मैलांच्या पट्ट्यातून सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना बाहेर काढलं. त्यांतले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक होते. घरं, दुकानं, शेती सरकारी कस्टोडियनने, म्हणजे मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याने, मालकांना न विचारता विकली, आणि त्याच पैशातून त्यांच्या नजरकैदेचा खर्च वळता केला. किनाऱ्यावर परतायची मुभा मिळाली १ एप्रिल १९४९ ला, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ चार वर्षांनी. तोवर परत यायला काही उरलंच नव्हतं. लोक टोरांटोला, अल्बर्टाला, मिळेल तिथे पांगले. पेठ संपली.

मग १९७७ उजाडलं. पहिला जपानी स्थलांतरित मानला जाणारा मांझो नागानो १८७७ मध्ये कॅनडात आला, त्याला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने तरुण पिढीने इथे, याच बागेत, पहिला उत्सव भरवला. थकलेल्या पहिल्या पिढीने बागेत चेरीची झाडं लावली. तेव्हापासून दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी उत्सव होतो. यंदाचा ४८ वा. तिकीट नाही, फाटक नाही. बागेत आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर मांडव, रंगमंच, खाण्याचे स्टॉल.

सुरुवातीला ही जमीन मस्क्वियम, स्क्वॉमिश आणि त्स्लेल-वॉतुथ या मूळ रहिवाशांची आहे, असं मंचावरून सांगितलं. कॅनडात हे सगळीकडेच म्हणतात आणि कधीकधी ते पाठ केल्यासारखं वाटतं. इथे तसं वाटलं नाही. आपली जमीन गेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या गेलेल्या जमिनीचं नाव घेतलं की शब्दाला वजन येतं.

तायको, म्हणजे जपानी ढोलांचं पथक, मंचावर आलं. पाच-सहा मोठे ढोल, पुढे लहान. वाजवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया, साठीच्याही. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, कमरेतून अख्खा हात वर जातो आणि काठी खाली येते. आपण ढोल कमरेला बांधून चालतो. यांचा ढोल जागेवर असतो आणि माणूस त्याच्याभोवती फिरतो. ताशाचं काम छोटा ढोल करतो, तोच ताल धरून ठेवतो. मध्येच वाजवणारे एकमेकांना हाळी देतात. ती हाळी ऐकून माझा उजवा हात आपोआप टिपरू धरल्यासारखा वळला.

कार्यक्रम संपल्यावर मागे गेले आणि एका ताईंना विचारलं, जवळून बघू का? त्यांनी हसून काठी हातात दिली. काठीला बाची म्हणतात. आपल्या टिपरूपेक्षा बरीच जाड, सरळ, टोकं झिजून मऊ झालेली. चामड्याच्या कडेने मोठ्या डोक्यांचे खिळे दोन ओळींत ठोकलेले. आपण दोरी किंवा नट आवळून पान ताणतो, इथे ते एकदाच ताणून ठोकतात. कड जिथे हाताला लागते तिथे चामडं काळपट गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी ढोलाच्या पोटावर बोट ठेवलं. लाकूड एकसंध नव्हतं, पट्ट्या जोडलेल्या. दारूच्या पिंपाचं! जपानात अख्खा बुंधा कोरून ढोल करतात, पण इथे सुरुवातीच्या पथकांना ते कुठून परवडणार? त्यांनी ओकची जुनी पिंपं आणली, तासली, चामडं भिजवून ताणलं आणि स्वतःच ढोल बांधले. कॅनडातलं पहिलं तायको पथक, कातारी तायको, १९७९ मध्ये याच उत्सवातून उभं राहिलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचं पथक इथे येऊन वाजवून गेलं होतं. ते बघून इथल्या तरुणांनी ठरवलं, आपलंही पथक हवं.

"तुम्हीही वाजवता?" ताईंनी विचारलं. मी फोनवर मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला. लक्ष्मी रोड, शंभरेक ढोल, ध्वज. त्यांनी तो दोनदा बघितला आणि हाताने हवेत आमचा ठेका धरून बघितला. तिसऱ्या वेळी बरोबर जमला.

जेवणासाठी रांगा होत्या. निखाऱ्यावर भाजलेला सामन घेतला. नुसतं मीठ आणि थोडंसं गोडसर काहीतरी, माशाची चव माशाचीच. भाताच्या ओनिगिरीत मधोमध उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ, दात आंबेल इतकं आंबट. दहीभाताबरोबर लिंबाचं जुनं लोणचं आठवलं. आणि इमागावायाकी. बिडाच्या गोल साच्यात पीठ ओतायचं, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण घालायचं आणि वर दुसरी चकती. बहिणीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ताई, हे पुरण आहे." वेलची-जायफळ नाही, पण पुरणच. साच्यापाशी सगळे ज्येष्ठ स्वयंसेवक. एक आजोबा सुईसारख्या सळईने चकत्या उलटत होते आणि शेजारच्या आजी त्यांना उलटायला उशीर झाला की कोपराने खुणावत होत्या.

भाचा दिवसभर कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा होता. ओला, सुका, काच, असं लोकांना वेगवेगळं टाकायला लावणं हे त्याचं काम. संध्याकाळी चेहरा लाल, पण खूश.

रविवार, ४ ऑगस्ट

आज सकाळी आम्ही लवकर गेलो, कारण वस्तीतून चालत फिरायचं होतं. अलेक्झांडर स्ट्रीटवर जपानी भाषेची शाळा आहे. शाळा १९०६ सालची, शेजारचं सभागृह १९२८ चं. युद्धानंतर जपानी समाजाला परत मिळालेली ही जवळपास एकमेव मालमत्ता. तिथे आजही मुलं जपानी शिकायला येतात. जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूला बौद्ध मंदिर. पॉवेल आणि डनलेव्हीच्या कोपऱ्यावर तामुरा या जपानी व्यापाऱ्याने १९१०च्या दशकात बांधलेली चार मजली इमारत अजून उभी आहे, खांब-कमानींची, थाटाची. माणूस इथे कायमचं राहायचं म्हणूनच तशी इमारत बांधतो.

बागेच्या कडेला असाही संघाची पाटी आहे. असाही म्हणजे सकाळचं ऊन. १९१४ ते १९४१ या काळात हा जपानी बेसबॉल संघ याच मैदानावर खेळायचा. गोऱ्यांच्या संघांपेक्षा ही मुलं अंगाने किरकोळ, म्हणून ताकदीने फटके मारण्याऐवजी त्यांनी डोकं वापरलं. हलकेच चेंडू टेकवायचा, चपळाईने पळायचं, बेस चोरायचे. शहर त्यांना बघायला लोटायचं, गोरेसुद्धा टाळ्या वाजवायचे. १९४१ चा हंगाम संपला आणि पुढे संघ कधीच एकत्र आला नाही. २००३ मध्ये त्यांना कॅनडाच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. त्यांतल्या कितीजणांना ते बघायला मिळालं असेल!

पाटीपाशी चाकांच्या खुर्चीत बसलेले एक आजोबा नातीला हाताने दाखवत होते. इथे न्हावी, त्याच्या शेजारी मासळीचं दुकान, पलीकडे फोटो स्टुडिओ. जिकडे हात करत होते तिथे आता गोदाम होतं, एक रिकामा प्लॉट, एक बंद शटर. नात वहीत चौकोन काढून नावं लिहीत होती. आजोबांनी स्वतः ही पेठ पाहिली असेल ती अगदी लहानपणी. बाकीची त्यांना आईकडून मिळाली असणार.

मी तिथेच थबकले. माझं आजोळ पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं. उजनी धरणात जुनं गाव गेलं, गावठाण वर हलवलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं, मग सगळं देऊळच उघडं पडतं आणि लोक कुठून कुठून येतात. तेव्हा आईसुद्धा अशीच चिखलाकडे हात करायची. इथे आपला वाडा, इथे कुंभार, इथे चिंच. आम्हा मुलांना चिखलच दिसायचा. धरण आणि नजरकैद एकच नव्हे, हे मला कळतं. आजोळचं पाणी निदान शेतांना गेलं. पण हात करण्याची ती तऱ्हा मी ओळखली.

दुपारी मिकोशी निघाली. मिकोशी म्हणजे देवाची पालखी. लाकडी दांड्यांवर छोटं देऊळ, वर सोनेरी पक्षी, चारी कोपऱ्यांना जाड रेशमी दोर. हप्पी नावाचे आखूड निळे अंगरखे घातलेली तीस-चाळीस माणसं, खांद्याला खांदा. "वाशोई! वाशोई!" पालखी सरळ चालतच नाही. वर फेकल्यासारखी उसळते, झुलते, मागे येते, पुन्हा धावते. शिमग्यात सासरी पालखी नाचवतात ती अशीच. देव घराघराला भेटायला निघालेला असतो आणि त्याला आनंद झालेला असतो, असं आमच्याकडे म्हणतात. खांदेकऱ्यांत जपानी होते, गोरे होते, एक पगडीवाला सरदारजी मुलगा होता, आणि वस्तीतलाच एक दाढीवाला, ज्याला काल बहिणीने हात केला होता तो. त्याला कुणीतरी अंगरखा दिला होता. तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

या उत्सवाची मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच, म्हणून थोडं थांबून लिहिते. २०१९ मध्ये या बागेत बेघर लोकांचे तंबू होते. उत्सवाच्या लोकांनी बाग रिकामी करून द्या असा आग्रह धरला नाही. इथून एकदा आम्हाला हुसकलंय, आमच्यासाठी दुसऱ्या कुणाला हुसकू नका, अशी त्यांची भूमिका होती. उत्सव बाजूच्या रस्त्यांवर भरला. आपली जत्रा आपल्याच मैदानात व्हावी असं कुणाला वाटत नाही? तरी त्यांनी ते सोडून दिलं.

सुमोच्या कुस्त्याही बघितल्या. हौशी मल्ल, पोरंटोरं, बाया, सगळे उतरले होते. कुस्ती दहा-पंधरा सेकंदांची. रिंगणाबाहेर पाय पडला किंवा पायाच्या तळव्याशिवाय अंग टेकलं की संपली. कमरेच्या जाड पट्ट्याला मावाशी म्हणतात, हे भाच्याला फार आवडलं. हरलेला आणि जिंकलेला एकमेकांना वाकून नमस्कार करतात, आपल्या लाल मातीत सलामी देतात तशी.

ऊन कलल्यावर बॉन ओदोरी. ओबोन हा त्यांचा पितरांचा सण, आपल्या पितृपक्षासारखा, फक्त ते पितरांसाठी नाचतात. मधोमध ढोल, भोवती गोल. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती आपण फेर धरतो, तसाच फेर. हातवारे बघून बघून शिकायचे. 'तांको बुशी' लागलं, ते कोळशाच्या खाणीतल्या मजुरांचं लोकगीत. दोनदा फावड्याने खणायचं, टोपली खांद्यावरून मागे टाकायची, कपाळावर हात धरून लांब बघायचं, मग गाडी ढकलायची. तिसऱ्या फेरीला मला जमलं. माझ्यापुढे एक नव्वदीच्या आजी होत्या, त्यांच्या हातातली टोपली खरीच जड असावी इतकी सफाई. मी चुकले की त्या मागे न बघता हात जरा हळू करायच्या.

फेर संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. इंग्रजीत विचारलं, कुठून आलीस? मी म्हटलं, भारतातून. कुठे राहिलात तुम्ही, मी विचारलं. "अल्बर्टा. पन्नास वर्षं. पण दरवर्षी येते." आणि बागेकडे बघत म्हणाल्या, "दोन दिवस घरी."

सोमवार, ५ ऑगस्ट

बी.सी. डेची, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया दिनाची सुट्टी. भाचा झोपला होता. मी आणि बहीण हेस्टिंग्स पार्कला गेलो. या मैदानावर दरवर्षी ऑगस्टमध्ये मोठी जत्रा भरते, पाळणे, गुरांचं प्रदर्शन, सगळं. आज शांत होतं. १९४२ मध्ये किनाऱ्यावरच्या गावांतून आणलेल्या जपानी लोकांना आधी इथे ठेवलं होतं. काही महिन्यांत ८,००० हून जास्त माणसं इथून गेली. बायका-मुलांना गुरांच्या गोठ्यात. दोन गव्हाणींमध्ये एक कुटुंब, गवताच्या गाद्या, आडोशाला घोंगडी. ती गोठ्याची इमारत अजून आहे. मोठी, पांढरट, कुठल्याही बाजार समितीच्या आवारात दिसावी तशी. आम्ही भिंतीला हात लावला.

शेजारी मोमिजी बाग आहे. मोमिजी म्हणजे मेपल. छोटासा झरा, दगड, लाल पानांची झाडं. बाकावर बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. बहीण म्हणाली, १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २१,००० डॉलर दिले. मी मनातल्या मनात वर्षं मोजली. गोठ्यात जन्मलेलं मूल तेव्हा शेहेचाळीस वर्षांचं झालं असेल.

रात्री साडेआठला आईला फोन लावला. तिकडे मंगळवारची सकाळ, तिचा चहा झाला होता. म्हटलं, "आई, जुन्या पळसदेवात देवळापासून आपल्या वाड्यापर्यंत कोणकोणाची घरं होती, सांग. मी लिहून घेते."

"आता कशाला?" म्हणाली, पण लगेच सुरूही झाली. देवळाच्या डाव्या अंगाला गुरवाचं घर, मग सोनार, मग एक पडका वाडा, त्याच्यापुढे तेली. मी भाच्याच्या वहीत एकेक चौकोन काढत होते. अकरा घरं झाली. बाराव्याला ती अडली.

"थांब," म्हणाली, "विहिरीपाशी वळायचं राहिलं. ते खोड पहिल्यापासून."